लांबवलेला ब्रेक

माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर बरोबर मधोमध टक्कल आहे, वाटीच्या बुडाएवढं. लोकांना टक्कल वयानं पडतं, नाहीतर बापाकडून मिळतं. ह्यानं ते फरशीवर घासून कमावलंय. तरुणपणी खाली डोकं वर पाय करून तो स्वतःभोवती इतका गरगरला, की तिथले केस कायमचे रुसले. म्हणून त्याला सगळे भोवरा म्हणतात. ज्या इमारतींत तो लिफ्ट दुरुस्त करायला जायचा, तिथले वॉचमनसुद्धा भोवराच म्हणायचे. मीही तेच म्हणते. लग्न ठरलं तेव्हा त्याचं खरं नाव मला सगळ्यात शेवटी कळलं होतं.

ब्रेकडान्स म्हणजे काय हे मला लग्नाआधी ठाऊक नव्हतं, आणि इलेक्ट्रो म्हणजे काय हे कळल्यावर वाटलं, नसतं कळलं तर बरं. जुन्या रेकॉर्डी. माणसाऐवजी मशीन ठेका धरतं आणि गाणारा पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा बोलतो. मी दिरांच्या दुकानात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रेकॉर्ड बिघडलीय असं समजून बंद करायला गेले, तर हा अंगावर धावून आला. पुढे सवयीनं मला त्यातलं एक आवडायला लागलं. गाण्यात मध्येच एक जागा येते, तिथे बाकी सगळं गप्प होतं आणि नुसता ठेका उरतो. त्याला ब्रेक म्हणतात. सगळे गोल करून उभे असतात, आणि ब्रेक आला की एकजण मधे उडी घेतो. त्या तेवढ्या वेळात भोवरा जे काही करायचा, ते बघून मी बाकीच्या आरडाओरड्याला माफ करून टाकलं होतं.

रेकॉर्डी वाजवायचे माझे थोरले दीर. त्यांचं विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान. पंखे, इस्त्र्या, मिक्सर. पण मागच्या भिंतीला छतापर्यंत रेकॉर्डी. एकाही रेकॉर्डवर मधलं छापील लेबल नाही. सगळी त्यांनी बादलीत भिजवून खरवडून काढलेली, का, तर दुसऱ्या ग्रुपच्या कुणी डोकावून बघितलं तर कुठली रेकॉर्ड आहे ते कळू नये! काळ्या थाळ्यांची ती रांग फक्त भावोजींना वाचता यायची. लग्न त्यांनी केलं नाही. रविवारी जेवायला आमच्याकडे. जेवताना कमी बोलणारा आणि वाढलेलं सगळं खाणारा माणूस घरात कुणाला नको असतो? मलाही हवाच होता.

ह्या दोघांच्या नाचणाऱ्या ग्रुपचे नियम दोनच. ब्रेक संपेपर्यंत गोलाबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि वाजवणाऱ्याच्या सुईला कुणी हात लावायचा नाही. पहिला नियम मोडणारा भित्रा, दुसरा मोडणारा नीच. पोटं सुटली, गुडघ्यांना पट्टे आले, कुणाची मुलं परदेशी गेली, तरी ह्या दोन नियमांवर ते असे बोलायचे की जणू कायद्याची कलमं. मी हसायचे. मोठ्या माणसांना खेळ लागतो, एवढंच मला तेव्हा वाटायचं.

मग भोवऱ्याचा डावा हात बधिर व्हायला लागला. पाना हातात धरलेला असायचा आणि हातातून गळून पडायचा. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. त्या दिवशी मोठी ऑर्डर होती आणि सुट्टी मिळेना, म्हणून मानेचा फोटो काढायला भावोजी त्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलेलं भावोजींनीच घरी येऊन मला समजावलं. खिशातून दोन नट काढले, मधे रबराची चकती ठेवली, आणि बोटानं दाबून दाखवलं.

"ही चकती झिजलीय. इथून नस जाते. डोक्यावर भार दिला की हे असं होणार, आणि नस मधे चेंगरणार. मग हात गेले म्हणून समज. पायसुद्धा."

"म्हणजे डोक्यावर फिरणं बंद," मी म्हटलं.

"उशीसुद्धा पातळ घ्यायला सांगितलीय," भावोजी म्हणाले. इतकं नीट त्यांना माहीत होतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे कुणी म्हणायला नको की बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी भावोजींनी दुकान बंद करायचं ठरवलं. कुणाला आजकाल इस्त्री दुरुस्त करून हवी असते? रेकॉर्डी एका शौकिनाला द्यायच्या ठरल्या, सगळ्या एकदम. भोवऱ्याला ते कळलं आणि त्याचं जेवण उडालं. त्याला बाकीच्या नको होत्या. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी होत्या, अगदी सारख्या. त्या जोडीवर तो उभ्या आयुष्यात सगळ्यात चांगला नाचला होता. ती त्याला हवी होती. आमच्या घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्रसुद्धा नाही. पण त्याला ती उशाशी हवी होती, असं तो मला म्हणाला, आणि मला त्याचं हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

आम्ही दोघं दुकानात गेलो. भावोजी एका जुन्या पंख्याची जाळी पुसत होते.

"दादा, बाकीचं सगळं देऊन टाक. ती जोडी मला दे."

"दे काय, दे? भीक मागतोयस का?" भावोजींनी वर बघितलंसुद्धा नाही. "ती वस्तू गोलात मिळवायची असते. आपला सगळा जुना ग्रुप जमतोय ना आता, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये? ये. मी ब्रेक लावतो. ब्रेक संपेपर्यंत गोलात टिकलास तर जोडी तुझी."

भोवऱ्याचा चेहरा असा उजळला, की मला आधी त्याचाच राग आला.

"भावोजी, मानेचं काय?" मी विचारलं. "तुम्हीच नट दाबून दाखवले होते ना?"

"अगं चष्मेवाले, डोकं टेकायला कुणी सांगितलंय? उभ्यानं चार पावलं टाकायची, हात टेकून दोन गिरक्या, संपलं. ब्रेक असतो केवढा? चहा फुंकायच्या आत संपतो."

ते खरंच होतं. त्या गाण्यातला ब्रेक मी कितीदा ऐकलेला. मी भोवऱ्याकडून वचन घेतलं, डोकं टेकायचं नाही. त्यानं माझी शपथ घेतली. घरी तो रोज सोफा सरकवून सराव करायचा, ब्रेकच्या लांबीएवढाच, अगदी मापात बसवलेला. शेवटी एका हातावर तोल सांभाळून गोठल्यासारखं थांबायचं, की ब्रेक संपला. उजव्या हातावर बरं का, डाव्या नाही. इतका विचार केला होता त्यानं. मीच त्याला म्हटलं, जा, नाच. हौस मारून माणूस सुखी होत नाही.

रविवारी दुपारी हॉल भरला. टकले, पोटवाले, पांढऱ्या दाढीचे, रंगीत टोप्या घातलेले. एकजण वाकला आणि त्याला उठवायला दोघं लागले. सगळे खो खो हसत होते. पाव भाजणारा एक जुना गडी माझ्याशेजारी उभा होता, ह्यांच्यातला सगळ्यात हळवा. तो मला एकेकाची ओळख करून देत होता, कोण कुठे पडला, कुणाचा दात कुठल्या फरशीवर राहिला. मधे लिनोलियमच्या गुळगुळीत चटईचा मोठा तुकडा अंथरलेला. समोर टेबलावर भावोजी, दोन टर्नटेबलं, आणि त्यांवर ती जोडी. दोन्ही रेकॉर्डींवर चिकटपट्टीची एकेक बारीक रेघ लावलेली, ब्रेक कुठे सुरू होतो ते फिरतानाही दिसावं म्हणून.

ब्रेक आला. भोवरा मधे गेला.

मी काय सांगू? पोट सुटलेला, चष्मा लागलेला माझा नवरा मला दिसेनासा झाला. पाय असे चालले की जमिनीला लागतायत का नाही कळेना. हात टेकून त्यानं गिरकी घेतली, पाय कात्रीसारखे फिरवले, आणि बरोबर मापात, उजव्या हातावर, अंग तिरकं करून तो थांबला. मला अभिमानानं रडू आलं. मी टाळी वाजवायला हात उचलले.

आणि ब्रेक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी कशासाठी लागतात, तर ह्यासाठी. एकीवर ब्रेक वाजत असतो तोवर दुसरी हातानं उलटी फिरवून ब्रेकच्या सुरुवातीला आणून ठेवायची. पहिलीवरचा संपला की दुसरी सोडायची. मग पहिली मागे आणायची. असं केलं की ब्रेक संपतच नाही. वाजवणाऱ्याचे हात दुखेपर्यंत.

सगळ्या हॉलनं "ओऽऽ" केलं. कारण ह्या लोकांत हा मान असतो. ज्याच्यासाठी ब्रेक लांबवला, तो मोठा. पाववाल्याच्या डोळ्यांत पाणी. "वहिनी, भाऊ असावा तर असा," तो म्हणाला. भोवरा उठून उभा राहिला, हसला, पुन्हा पावलं टाकायला लागला. संपला ब्रेक. पुन्हा आला. तो पुन्हा खाली गेला. संपला. पुन्हा आला. आता तो हसत नव्हता. तोंड उघडं, शर्ट पाठीला चिकटलेला. डावा हात टेकला की कोपरातून लचकत होता. नियम होता ना! ब्रेक चालू आहे तोवर बाहेर पाऊल नाही. बाहेर पडला की जोडी गेली आणि अब्रूही गेली.

मी भावोजींकडे बघितलं. वाजवताना हा माणूस कायम खाली मान घालून असायचा, टाळ्या पडायच्या त्या दुसऱ्याला. आज त्यांचे हात आपोआप चालले होते आणि डोळे भावावर होते. मी मानेवर हात ठेवून खुणा केल्या. त्यांनी मला बघितलं. अगदी नीट बघितलं, आणि ठेक्यावर मान डोलवावी तशी मान डोलवली. मग बोटानं टर्नटेबलवरची वेगाची पट्टी थोडी पुढे सरकवली, आणि ठेका आणखी जलद झाला.

तेव्हा मला कळलं. तोवर मी माणसाला वेड लागलंय असं समजत होते. वेडबिड काही नव्हतं. रविवारच्या रविवार माझ्या ताटात जेवून ह्या माणसानं केसानं गळा कापला होता, आणि तोही भरल्या सभेत, टाळ्या घेऊन.

"थांबवा!" मी ओरडले. त्या गोंगाटात पाववाल्यालाही ऐकू गेलं नसेल. उलट त्याच वेळी कुणीतरी सुरू केलं, "भोवरा! भोवरा!" आणि सगळा हॉल तेच घोकायला लागला. भोवऱ्याच्या पायांत काही उरलं नव्हतं, हातांत नव्हतंच. उभं राहता येईना आणि बाहेर जाता येईना. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाकडे बघितलं. मग दोन्ही तळवे टेकले, आणि माझी शपथ मोडून डोकं खाली ठेवलं.

पाय वर गेले. तो फिरला. खरंच फिरला, पूर्वीसारखा. लोक वेडे झाले. मी मात्र त्याचे हात बघत होते, आणि त्याचं डावं कोपर आतल्या आत मिटलं ते मी ह्या डोळ्यांनी बघितलं. लोकांच्या डोळ्यांना काचा बसवणारी बाई आहे मी, मला लांबचं दिसतं. तो कलंडायला लागला होता. मी माणसं ढकलत टेबलापाशी गेले आणि वाजणाऱ्या रेकॉर्डवरून सुई ओढून काढली.

स्पीकरमधून असा आवाज आला की सगळ्यांनी कानांवर हात नेले. मग शांतता. त्या शांततेत भोवरा पडला. फार मोठा आवाज झाला नाही. अंथरूण टाकल्यासारखा पडला, आणि उठला नाही.

भावोजींनी रेकॉर्ड उचलली, उजेडात धरून तिच्यावरचा ओरखडा बघितला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाले, "फिरत्या माणसाखालून ठेका काढून घेतलास तू."

झालं. तेवढं एक वाक्य पुरलं. सगळ्यांनी सुई सुटल्याचा आवाज ऐकला होता, आणि त्यानंतर माणूस पडलेला बघितला होता. कोपर कुणी बघितलं नव्हतं. अँब्युलन्समध्ये बसताना पाववाल्यानं माझा हातसुद्धा धरला नाही.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरला मी विचारलं, गाणं थांबल्यानं असं होतं का? तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, कानाचा इथे काय संबंध? मणक्यावर भार आला, नस चेंगरली." मी त्याला म्हटलं, हेच जरा बाहेर बसलेत त्यांना सांगा. त्यानं सांगितलंही. ते मान हलवत राहिले, आणि तो गेल्यावर एकजण दुसऱ्याला म्हणाला, डॉक्टर कधी नाचलाय का?

भोवऱ्याचे दोन्ही हात कोपराखाली लुळे पडले. पाय आहेत, पण नावाला. आता तो घरी पलंगावर असतो. बोलता येतं, खाता येतं, कुणी भरवलं तर.

भावोजींना मी जिन्यात गाठलं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"तुम्ही मुद्दाम केलंत."

त्यांनी नाही म्हटलं नाही. कठड्याला टेकून उभे राहिले. "आयुष्यभर मी वाजवलं म्हणून तो फिरला," ते म्हणाले. "कुणी कधी माझ्याकडे तोंड केलं? आणि वर म्हणतो, जोडी दे. जोडीसुद्धा त्याचीच!"

"मी सांगेन त्याला."

"सांग की. गोलातून बाहेर पडायला त्याला कुणी अडवलं होतं का? सांग, आणि काय म्हणतो ते मलाही कळव."

मी त्याच दिवशी सांगितलं. सगळं. नट, रबराची चकती, वेगाची पट्टी, जिना. भोवरा छताकडे बघत ऐकत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानांत गेलं. मी पुसायला गेले, तर त्यानं मान फिरवली. फिरवता येते तेवढी.

"दादानं आजवर कुणासाठी इतका ब्रेक लांबवला नव्हता," तो म्हणाला. "कुणासाठीच नाही. तो माझ्याकडे बघत होता गं. मी फिरत होतो आणि दादा माझ्याकडे बघत होता. अजून थोडा टिकलो असतो, तर त्यानं ब्रेक संपवलाच असता. तू सुई ओढलीस."

"अरे, तू पडत होतास!"

"तू सुई ओढलीस," तो म्हणाला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती ही. माझी तर कुंकू पुसायला निघालेली बाई अशी ख्याती झालीय. ग्रुपमधले भेटायला येतात ते मी कामावर असताना. माझ्यासमोर आलेच तर पाणीसुद्धा घेत नाहीत. आणि भावोजी देवमाणूस. दुकान बंद आहे, वेळच वेळ. रोज सकाळी येतात. ओरखडा पडलेली ती जोडी त्यांनी शौकिनाला दिली नाही, ह्याच्या उशाशी आणून ठेवली. गोलात पूर्ण टिकला नाही तरी दिली, म्हणून सगळे आणखी हळहळले. मी स्वयंपाक करून निघते, भावोजी भरवतात. माझ्या हातानं तो खात नाही. मी करून बघितलं, दोन दिवस तोंड मिटून राहिला. तिसऱ्या दिवशी भावोजींनी चमचा धरला आणि म्हणाले, "तोंड उघड, भोवऱ्या." त्यानं उघडलं. लहान मुलासारखं उघडलं.

मी काय करू? त्यांना घरातून हाकलावं तर हा उपाशी मरेल. मनातल्या मनात मी त्या माणसाला रोज जिन्यावरून ढकलते. आणि रोज दार उघडून म्हणते, या.

संध्याकाळी मी काचा घासून परत येते तेव्हा भोवऱ्याचं तोंड पुसलेलं असतं, कपडे बदललेले असतात, आणि तो भिंतीकडे तोंड करून निजवलेला असतो. त्याला आपणहून कूस बदलता येत नाही. पहिल्यांदा मला वाटलं, हाही भावोजींचाच कावा. मी दारात त्यांना अडवून विचारलं, रोज त्याला भिंतीकडे का वळवून ठेवता?

ते बुटांच्या नाड्या बांधत होते. "माझ्या मनात कशाला येईल? तुझी यायची वेळ झाली की तोच सांगतो."

ते गेल्यावर मी दार लावलं. पलंगापाशी जाऊन त्याच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातला, हॉस्पिटलात शिकवलं होतं तसा, आणि त्याला हळूच माझ्याकडे वळवलं. त्यानं डोळे मिटून घेतले.